उघड्या साखळीची निगा

वेगाने धावण्यासाठी घडविलेली नवी स्पोर्ट्स मोटरसायकल घरी येते, तेव्हा तिच्या इंजिनाची क्षमता, तिची अश्वशक्ती, ब्रेकच्या तबकड्या आणि रंगसंगती यांविषयी मालकाला बहुधा सर्व काही मुखोद्गत असते; पण ज्या एका अवयवावाचून इंजिनाची ती सारी शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्या साखळीविषयी गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये सहसा कोणी चकार शब्दही काढीत नाही. मालकही तिच्याविषयी उदासीनच असतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे पुष्कळसे लोक या वर्गातील गाडीकडे वळतात ते एक तर गिअर नसलेल्या स्कूटरवरून, जिच्या आतील पट्ट्याचे त्यांना कधी दर्शनही घडलेले नसते, किंवा शंभर-सव्वाशे सीसीच्या नित्य वापराच्या मोटरसायकलीवरून, जिची साखळी पत्र्याच्या बंदिस्त पेटीत फिरत असते आणि जिच्यात धूळ, चिखल व पाणी यांचा शिरकाव अल्प होत असल्यामुळे तीन-चार महिन्यांतून एकदा मिस्त्रीने पाहिली तरी तिचे निभावून जाते.

स्पोर्ट्स प्रकारच्या गाडीत ही पेटी नसते. वजन वाचावे, रुंद टायरला जागा मिळावी, चाक चटकन उतरविता यावे आणि, हेही मान्य केले पाहिजे, गाडीचे रूप अधिक देखणे दिसावे अशा अनेक हेतूंनी निर्मात्यांनी ती काढून टाकली असून तिच्या जागी वरच्या अंगाला एक आखूड ढाल तेवढी ठेवली आहे. पेटी जे रक्षण करीत होती त्याचा भार आता मालकाच्या अंगावर येतो, आणि कंपनीच्या सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकावर विसंबून तो उतरत नाही. कारण आरंभीच्या मोफत तपासण्या उरकल्या की ते वेळापत्रक हजारो किलोमीटरांच्या टप्प्यांनी पुढे सरकते, तर साखळीला वंगणाची अपेक्षा साधारणतः दर ५०० किलोमीटरांनी असते, आणि पावसाळ्यात त्याहूनही आधी. दोन सर्व्हिसिंगांमधील या दीर्घ अंतरात साखळीला मालकावाचून दुसरा वाली नाही. बाजाराच्या दिवशी निघण्यापूर्वी शेतकरी बैलगाडीच्या कण्याला स्वतःच्या हाताने वंगण घालीत असे, ते काम सुतारावर टाकून स्वस्थ बसत नसे. तोच प्रघात या गाडीच्या मालकाने अंगीकारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निगा राखावयाची तर साखळीची घडण प्रथम समजून घेतली पाहिजे, कारण निगेतील बहुतेक चुका घडणीच्या अज्ञानातूनच जन्मतात. आजच्या साखळीचे मूळ रूप हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० साली मँचेस्टर येथे सिद्ध केले आणि तत्त्वतः तिच्यात आजवर फारसा फेरफार झालेला नाही. बाहेरच्या दोन पट्ट्यांना सांधणारी पिन, त्या पिनीभोवती फिरणारी पोकळ नळी म्हणजे बुश, आणि बुशावर मोकळेपणी फिरणारा रोलर, अशी तिची रचना आहे. रोलर स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, दोन दातांमधील खाचेत बसतो. आणि साखळी स्प्रॉकेटला वळसा घालताना प्रत्येक कडी जेव्हा किंचित दुमडते तेव्हा आतल्या आत पिन आणि बुश ही एकमेकांवर घासतात. साखळी कालांतराने लांबते ती तिच्या पोलादी पट्ट्या ओढल्या गेल्यामुळे नव्हे. प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश झिजून त्यांच्यात सूक्ष्म पोकळी निर्माण होते आणि त्या सर्व पोकळ्यांची बेरीज लांबीच्या रूपाने दिसू लागते. ११० कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा अवघा ०.१ मिलिमीटर झिजला तरी एकूण लांबी ११ मिलिमीटरांनी वाढते, एवढा हिशेब मांडून पाहिला म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या झिजेचे सामर्थ्य ध्यानात येते.

ही झीज रोखण्यासाठी पिन आणि बुश यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरून, ते बाहेर पडू नये आणि बाहेरची धूळ व पाणी आत जाऊ नये म्हणून आतल्या व बाहेरच्या पट्ट्यांच्या दरम्यान रबरी कडी बसविण्याची युक्ती १९७० च्या दशकात प्रचारात आली. रबराचा छेद गोल असेल तर ती ओ-रिंग, चार ओठांचा असेल तर एक्स-रिंग. आपली साखळी या जातीची आहे की साधी, हे मालकाने पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. दोन पट्ट्यांच्या फटीत डोकावले असता बारीक रबरी कड्या दिसतात, आणि मालकाच्या पुस्तिकेतही त्याचा उल्लेख असतो. रबरी कड्यांच्या साखळीत पिनीपर्यंत पोहोचणारे वंगण आपण बाहेरून घालूच शकत नाही, ते निर्मात्याने घातले तेवढेच आयुष्यभर पुरवावयाचे असते. सबब, आपल्या हाती उरते ते असे : रोलर आणि स्प्रॉकेट यांच्यामधील घर्षण कमी करणे, पट्ट्यांना गंजू न देणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या नाजूक रबरी कड्या सुकू न देता, फाटू न देता जपणे. एकदा कडी गेली की आतील ग्रीस गेलेच, आणि मग तो सांधा पाहता पाहता झिजतो.

साखळीच्या पट्टीवर ४२८, ५२०, ५२५ किंवा ५३० असा आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिला अंक दोन सांध्यांमधील अंतर इंचाच्या आठव्या हिश्श्यांत सांगतो. म्हणजे ४२८ क्रमांकाच्या साखळीत ते अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर, आणि ५२०, ५२५ व ५३० या तिन्हींत पाच अष्टमांश इंच, अर्थात १५.८७५ मिलिमीटर असते. पुढचे दोन अंक आतील रुंदीचे निदर्शक आहेत. हा क्रमांक, कड्यांची संख्या आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटांच्या दातांची संख्या गाडीच्या कागदपत्रांबरोबर एका वहीत टिपून ठेवावी. साखळी बदलण्याची वेळ येईल तेव्हा दुकानदाराच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.

गाडी नवी असताना पहिल्या १,००० किलोमीटरांपर्यंत इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवावेत, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये, नवे टायर गुळगुळीत असल्यामुळे प्रारंभी वळणावर फार कलू नये, ही पथ्ये पुस्तिकेत दिलेली असतात आणि ती पाळली जातातही. त्यांच्या जोडीला आणखी एक पथ्य आहे. नवी साखळी पहिल्या काही शे किलोमीटरांत सर्वाधिक ‘बसते’. सुटे अवयव एकमेकांत रुळत असल्यामुळे या अल्पकाळात तिची ढिलाई जेवढी वाढते तेवढी नंतरच्या हजारो किलोमीटरांत वाढत नाही. म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता दर आठवड्याला तिची ढिलाई मोजावी, आणि पहिल्या सर्व्हिसिंगहून गाडी परत आली की तीच मोजणी पुन्हा करावी. हे शेवटचे मी हेतुपुरस्सर सांगत आहे. गर्दीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामगाराच्या हाती वेळ थोडा असतो, ‘चेन ढिली आहे’ ही तक्रार पुन्हा येऊ नये अशी त्याची स्वाभाविक इच्छा असते, आणि त्यामुळे साखळी गरजेपेक्षा अधिक ओढली जाण्याचा संभव राहतो.

साखळी ढिली का ठेवावयाची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर नीट समजणे हे या साऱ्या विषयाचे मर्म आहे. मागचे चाक ज्या दांड्यावर बसविलेले असते तो दांडा, म्हणजे स्विंगआर्म, एका खिळीवर वर-खाली हलतो. पुढचे स्प्रॉकेट मात्र त्या खिळीच्या जागी नसून तिच्या थोडे पुढे, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते. या दोन केंद्रांत अंतर असल्यामुळे चाक जसजसे वर जाते तसतसे पुढचे स्प्रॉकेट आणि मागचा आस यांच्यामधील अंतर वाढत जाते, आणि पुढचे स्प्रॉकेट, खिळी व आस ही तिन्ही एका सरळ रेषेत आली की ते कमाल होते. त्या क्षणी साखळी सर्वांत जास्त ताणलेली असते. उभ्या गाडीत जी ढिलाई आपल्याला अनावश्यक वाटते, ती चालक आणि मागे बसणारा अशी दोन माणसे बसून गाडी खड्ड्यातून गेली की याच कामी खर्च होते. जर ती शिल्लकच नसेल तर साखळी सस्पेन्शनला वर येऊ देत नाही, आणि तो सारा आघात एका बाजूला गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर व ऑइल सीलवर, तर दुसऱ्या बाजूला चाकाच्या बेअरिंगवर पडतो. ढिल्या साखळीचे दुष्परिणाम कानांना ऐकू येतात : ती स्विंगआर्मवर आपटते, थ्रॉटल दिला-सोडला की झटका बसतो, आणि फारच ढिली झाली तर दातांवरून उडी मारून निसटते, क्वचित इंजिनाच्या कवचात अडकून ते फोडते किंवा चाकच जाम करते. अति ताणलेल्या साखळीची हानी मात्र निःशब्द असते आणि दुरुस्तीच्या खर्चातच तिचा पत्ता लागतो. या दोहोंत पुस्तिकेतील मर्यादेच्या आत राहून किंचित ढिली बाजू पत्करावी, असे माझे ठाम मत आहे.

ही मर्यादा बहुतेक रस्त्यावरील गाड्यांत २० ते ३५ मिलिमीटरांच्या दरम्यान कोठेतरी असते. पण हा आकडा केवळ कल्पना यावी म्हणून दिला आहे. आपल्या गाडीचा अधिकृत आकडा स्विंगआर्मवर चिकटविलेल्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावा, आणि मोजण्याची रीतही तेथूनच घ्यावी. सामान्यतः दोन स्प्रॉकेटांच्या मध्यभागी खालच्या साखळीला बोटाने खाली ओढून आणि वर दाबून त्या दोन स्थितींतील एकूण अंतर पट्टीने मोजतात. पण काही कंपन्या ते स्विंगआर्मच्या एका विशिष्ट बिंदूपाशी मोजावयास सांगतात, आणि तेथे आकडाही निराळाच असतो. गाडी साइड स्टँडवर असावी की मागचा भाग उचललेला असावा हेदेखील पुस्तिका सांगते, आणि या तपशिलाकडे दुर्लक्ष करू नये; कारण चाक लोंबकळत ठेवून मोजलेली ढिलाई आणि जमिनीवर टेकवून मोजलेली ढिलाई यांत तफावत पडते. मोजणी एकाच ठिकाणी करून समाधान मानू नये. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी पाहावे, कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही आणि एखाद्या ठिकाणी ती इतर ठिकाणांपेक्षा घट्ट असते. ढिलाई लावताना त्या सर्वांत घट्ट ठिकाणाचा आधार घ्यावा. घट्ट आणि ढिल्या ठिकाणांतील फरक फारच वाढला असेल तर साखळीचे आयुष्य संपत आले असे खुशाल समजावे.

ढिलाई लावण्याचे काम अवघड नाही, पण त्यात हयगय चालत नाही. आसाचा मोठा नट सैल करावा, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरांचे लॉकनट मोकळे करावेत, आणि दोन्ही बोल्ट समसमान, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, असे फिरवीत जावे. स्विंगआर्मवर दोन्ही बाजूंना कोरलेल्या खुणांवरून चाक सरळ आहे की नाही याचा अंदाज येतो, परंतु त्या खुणा तंतोतंत असतातच असे नाही. खातरजमा करावयाची तर मागच्या बाजूने खाली वाकून साखळीच्या वरच्या ओळीवरून एक डोळा मिटून पाहावे, ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत बाणासारखी सरळ गेली पाहिजे. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच कड चकाकत असेल तर चाक तिरके आहे. त्यानंतर आसाचा नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा, आणि आवळल्यावर ढिलाई पुन्हा मोजावी, कारण आवळण्याच्या क्रियेत आस किंचित सरकतो आणि मघाचे माप बदलते. टॉर्क रेंच घरी नसेल तर हा एवढा भाग विश्वासू मिस्त्रीकडून करून घेण्यात कमीपणा नाही. आसाच्या नटाच्या बाबतीत हाताच्या अंदाजावर विसंबणे मला मान्य नाही.

आता स्वच्छतेकडे येतो. रबरी कड्यांच्या साखळीसाठी रॉकेल हे जुने आणि निर्धोक साधन आहे. रेशनच्या दुकानांतून ते आता पुष्कळ ठिकाणी दुर्मीळ झाले असल्यामुळे साखळीसाठी मुद्दाम बनविलेले फवारे वापरावेत, मात्र त्यांच्या डब्यावर ओ-रिंगला अपाय होत नाही असा स्पष्ट निर्वाळा असला पाहिजे. पेट्रोल कटाक्षाने टाळावे. ते रबराला फुगविते, सुकविते, आणि शिवाय आगीचा धोका आहेच. तारेचा ब्रश रबरी कड्या ओरबाडतो, म्हणून मऊ केसांचा ब्रश किंवा दात घासण्याचा जुना ब्रश घ्यावा. फडके रॉकेलमध्ये भिजवून, चाक हाताने फिरवीत, साखळीच्या चारही अंगांवरील काळी मळी सोडवावी, पुढच्या स्प्रॉकेटवरचे झाकण जमल्यास वर्षातून एक-दोनदा उघडून आत साचलेला चिकट गाळ खरवडून काढावा, आणि शेवटी कोरड्या फडक्याने साखळी पुसून घ्यावी. साखळी रॉकेलात रात्रभर बुडवून ठेवण्याची जी रीत पूर्वी साध्या साखळ्यांच्या बाबतीत योग्य होती, ती येथे सर्वथा अयोग्य आहे.

वॉशिंग सेंटरविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. तेथे जोरदार दाबाच्या पाण्याचा झोत जवळून साखळीवर मारला जातो, आणि रबरी कड्यांचा बंदोबस्त कितीही पक्का असला तरी एवढ्या दाबाला दाद न देण्याइतका तो पक्का नसतो. पाणी आत गेले की ग्रीस बिघडते आणि पिनीला गंज चढतो. गाडी चकचकीत दिसावी म्हणून शेवटी जो डिझेलमिश्रित फवारा मारण्याची काही ठिकाणी पद्धत आहे, तो तर ब्रेकच्या तबकडीवर आणि टायरवरही उडतो, आणि तेथे तेलाचा अंश जाणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय. गाडी बाहेर धुवावयास द्यावीच लागली तर साखळीवर आणि तबकडीवर झोत व फवारा नको अशी आधीच ताकीद द्यावी, आणि घरी येताच साखळी पुसून तिला वंगण द्यावे.

वंगणाच्या बाबतीत उणिवेप्रमाणेच अतिरेकानेही नुकसान होते असा अनुभव आहे. गॅरेजात पुष्कळ ठिकाणी इंजिनातून काढलेले जळके ऑइल साखळीवर ओतण्याचा प्रघात आहे. पण त्या तेलात धातूचा बारीक चुरा आणि काजळी मिसळलेली असते, आणि ती झीज थांबविण्याऐवजी वाढविते. घट्ट ग्रीस बाहेरून फासणे हाही असाच एक गैरसमज आहे. ते आत जात नाही, केवळ बाहेर राहून रस्त्यावरची धूळ गोळा करते, आणि थोड्याच दिवसांत धूळ व ग्रीस यांचे जे मिश्रण तयार होते ते दातांना पॉलिश-कागदाप्रमाणे घासत राहते. पुष्कळ पुस्तिकांत शिफारस असलेले ८०-९० श्रेणीचे गिअर ऑइल हे स्वस्त आणि उत्तम वंगण आहे. त्याचा एकच दोष म्हणजे ते वेगात उडते आणि मागच्या चाकाच्या रिमवर काळे थेंब सोडते. साखळीसाठी मिळणारे फवारे दोन जातींचे असतात : मेणासारखे सुकणारे कमी धूळ धरतात, म्हणून मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या कोरड्या, धुळकट रस्त्यांना ते मानवतात, चिकट राहणारे पाण्याने लवकर धुतले जात नाहीत, म्हणून कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसात ते अधिक टिकतात. ज्याने त्याने आपल्या रस्त्यांचा विचार करून निवड करावी.

वंगण देण्याची वेळ फेरफटका संपवून घरी परतल्यावरची. साखळी तेव्हा कोमट असते, वंगण पातळ होऊन पट्ट्यांच्या फटींत सहज उतरते, आणि रात्रभर ते स्थिरावण्यास अवधी मिळतो. निघण्यापूर्वी घाईघाईने दिलेले वंगण पहिल्या काही किलोमीटरांतच रस्त्यावर आणि टायरवर उडून जाते. खालच्या ओळीच्या आतल्या, म्हणजे वरच्या तोंडाच्या, बाजूवर ते सोडावे, कारण साखळी फिरू लागली की केंद्रोत्सारी बलाने वंगण आतून बाहेर सरकते आणि वाटेत रोलर व कड्या या सर्वांना भिजवीत जाते. डाव्या व उजव्या बाजूच्या पट्ट्यांच्या फटींवर एकेक पातळ रेघ पुरेशी आहे. टायर आणि तबकडी यांच्यामागे पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, आणि सकाळी निघण्यापूर्वी बाहेरच्या अंगावरचे जास्तीचे वंगण फडक्याने पुसून टाकावे. जे बाहेर दिसते त्याचा उपयोग गंज रोखण्यापुरताच आहे. पाऊस अंगावर घेऊन आलेल्या गाडीची साखळी मात्र ५०० किलोमीटरांचा हिशेब न करता त्याच दिवशी पुसून वंगणावी. ताम्हिणी किंवा आंबा घाटातून एका पावसाळी दिवसात जा-ये करणाऱ्या साखळीवरून एवढे पाणी आणि लाल मातीचा गाळ जातो की, दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर तांबूस छटा दिसू लागते. आणि मुंबई-रत्नागिरीसारख्या समुद्रकाठी खारट हवा हेच काम न भिजताही करते.

येथपर्यंत सांगितलेल्या प्रत्येक कामात एक नियम असा आहे की त्याला अपवाद नाही. साखळी स्वच्छ करताना, वंगण देताना किंवा मोजताना इंजिन बंद असले पाहिजे, गिअर न्यूट्रलमध्ये असला पाहिजे आणि किल्ली खिशात असली पाहिजे. मागचे चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर गाडी चढवून, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून फिरत्या साखळीला फडके लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यामुळे हाताने चाक फिरविण्याचे श्रम वाचतात. पण फडके एकदा साखळी आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये ओढले गेले की बोटे सोडवून घेण्यास निमिषाचाही अवसर मिळत नाही, आणि बोटे तुटल्याच्या घटना जगभर याच रीतीने घडत आल्या आहेत. घरात लहान मुले असतील तर ती या कामाच्या वेळी जवळ असू देऊ नयेत. याच संदर्भात आणखी एक विनंती करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमान्वये, मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून निदान अर्धे चाक झाकणारे संरक्षक साधन मोटरसायकलीला असणे आवश्यक आहे. तरुण मालक रूपाच्या हौसेपायी ती जाळी, जिला सर्वत्र साडी गार्ड म्हणतात, पहिल्याच आठवड्यात काढून ठेवतात. आपल्याकडील बहुतेक गाड्यांची साखळी डाव्या बाजूस असते, आणि साडी नेसलेली आई किंवा आजी डावीकडेच पाय सोडून बसते. उघड्या साखळीच्या गाडीवर पदर आणि ओढणी यांचा धोका बंदिस्त पेटीच्या गाडीपेक्षा किती तरी अधिक आहे. ती जाळी कृपा करून जागच्या जागी राहू द्यावी.

साखळी किती टिकेल, हे निगेवर अवलंबून आहे तितकेच चालविण्यावरही आहे. क्लच एकदम सोडून घेतलेली झेप, पुढचे चाक उचलण्याचे प्रयोग, खालचा गिअर टाकून अकस्मात कमी केलेला वेग, या प्रत्येकात साखळीवर क्षणिक आघात होतो. मागच्या चाकाच्या हबमध्ये बसविलेली रबरे तो काही अंशी शोषून घेतात, पण ती रबरेही कालांतराने दबतात आणि वेळीच बदलावी लागतात. बेताने चालविणाऱ्या आणि नियमित निगा राखणाऱ्या मालकाची रबरी कड्यांची साखळी २० ते २५ हजार किलोमीटर सहज चालते. हयगय झाली तर ती याच्या निम्म्या अंतरावरही जाते.

ती संपली आहे हे ओळखण्याच्या खुणा निश्चित आहेत. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या बिंदूशी साखळी चिमटीत धरून मागे ओढावी. दाताचा अर्ध्याहून अधिक भाग उघडा पडला तर बदलण्याची वेळ आली. याहून नेमकी परीक्षा मापाची आहे. साखळी ताणलेली ठेवून २१ पिनींमधील, म्हणजे २० सांध्यांचे, अंतर मोजावे. ५२० जातीच्या नव्या साखळीत ते ३१७.५ मिलिमीटर आणि ४२८ जातीच्या साखळीत २५४ मिलिमीटर असते, आणि त्यात शेकडा एकाच्या आसपास वाढ झाली की, पुस्तिकेत दुसरी मर्यादा दिली नसल्यास, साखळी निकामी धरावी. स्प्रॉकेटचे दात एका अंगाला कलून आकड्यासारखे झाले असतील, काही कड्या वाकल्यावर पुन्हा सरळ होत नसतील, किंवा पट्ट्यांच्या फटीतून तांबूस भुकटी बाहेर येत असेल तर माप घेण्याचीही गरज नाही. ती भुकटी म्हणजे आतल्या पिनीचा गंज असतो.

बदलताना साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. झिजलेल्या दातांवर नवी साखळी चढविली तर रोलर खाचेत नीट बसत नाहीत आणि नवी साखळी जुन्या दातांच्या मापाने झिजू लागते. वाचविलेले पैसे थोड्याच महिन्यांत दुप्पट होऊन जातात. मागचे स्प्रॉकेट वजनासाठी ॲल्युमिनियमचे घेण्याचा सल्ला कोणी देईल, पण रोजच्या रस्त्यावरील वापरासाठी पोलादीच बरे, ते कितीतरी अधिक टिकते. जोडकडी दोन प्रकारची मिळते : एक रिव्हेटने कायमची दाबून बसविण्याची, दुसरी क्लिप अडकविण्याची. स्पोर्ट्स गाडीच्या ताकदीला रिव्हेटची जोडकडीच योग्य होय, आणि ती हातोडीने ठोकून न बसविता तिच्या खास हत्याराने दाबणाऱ्या मिस्त्रीकडूनच बसवून घ्यावी. प्रवासात साखळी तुटली तर तात्पुरती सोय म्हणून आपल्या साखळीच्या क्रमांकाची एक क्लिपची जोडकडी सीटखाली ठेवावी, आणि ती बसविताना क्लिपचे बंद टोक साखळीच्या चालण्याच्या दिशेला व उघडे टोक मागे येईल अशा बेताने बसवावी. उलट बसविलेली क्लिप एखाद्या दगडाला वा ढालीला घासताच निसटते.